कूप क्रमांक चौदाची पाहणी

गुणवंत घुशे जंगल न पाहता ओळखत असे. रांझीजवळच्या कारखान्यात तो लाकूड तपासनीस होता, आणि १९४३च्या त्या नोव्हेंबरात तोफगोळ्यांच्या पेट्यांसाठी जंगलच रोज ट्रकात बसून त्याच्याकडे येत होतं. प्रत्येक ओंडक्यावर कूपाचा, म्हणजे जंगलाच्या तोडीला काढलेल्या तुकड्याचा, नंबर ठोकलेला असे. ओंडका सरकारचा. सालीच्या फटीतले कोष मात्र कुणाच्याच यादीत नव्हते. ते गुणवंत दीक्षितपुऱ्यातल्या घरी नेई आणि बायकोच्या, अनसूयेच्या, लोणच्याच्या बरण्यांत ठेवी.

तीन वर्षांत त्या बरण्यांनी त्याला नको ते शिकवलं. कूप सहाच्या लाकडातून एकोणीस जातींचे पतंग निघाले. तोड वाढत गेली तसे दहातून अकरा, बारातून सात. आणि शुक्रवारी सकाळी तेराच्या एका जुनाट ओंडक्यावरच्या कोषातून एक मादी बाहेर आली. तळहाताएवढी, राखी, मागच्या पंखांवर केशरी डोळे. ही जात पूर्वी दर कूपात सापडे. यंदाची ही पहिलीच.

"खाते काय ही?" अनसूयेने विचारलं.

"तोंडच नाही तिला. आठवडाभर जगते. अंगाच्या वासाने नरांना बोलावते, मैलभरावरूनही येतात."

"आणि नाही आले तर?"

"तर समजायचं, संपले."

"मग इथं काहून बसवून ठेवली? दीक्षितपुऱ्यात कोण येणार तिला पाहायला? माहेरी घेऊन जा."

चहा तसाच टाकून गुणवंत सायकलवर बसला. तेराला लागूनच चौदा होतं, अजून उभं. नर उरले असतील तर तिथेच. आणि चौदाची तोड सोमवारी सुरू होणार होती.

लढाईमुळे रविवारही कामाचा होता, आणि रजा मागणं म्हणजे शत्रूला मदत. पण एक फॉर्म होता. तोडीआधी उभ्या झाडांची प्रत्यक्ष पाहणी करून तो भरायचा असा नियम होता, आणि गुणवंत तो इमानेइतबारे खुर्चीत बसून भरत आला होता.

"साहेब, चौदाची पाहणी करून येतो," तो कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठांना, बापूसाहेबांना, म्हणाला.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "जाऊन?"

"प्रत्यक्ष असं लिहिलंय."

"ते अकरा वर्षं लिहिलंय, गुणवंतराव."

पण जाऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवारी ठेकेदाराच्या, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या ट्रकात तो मुकादम विठोबाशेजारी बसला. मांडीवर दोन पिठाच्या चाळण्या, तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधलेल्या.

"बाबूजी, चाळणीत काय नेऊन राहिले?"

"कारखान्याची पाहुणी."

तोडलेल्या तेरात ऊन मोकाट पसरलं होतं आणि पिवळ्या फुलपाखरांचे थवेच्या थवे उडत होते. विठोबा खूश झाला. "बघा, तोडल्यावर किती वाढली. आम्ही तर जंगलाचं भलंच करून राहिलो."

"दोनशे असतील, पण सगळी एकाच जातीची, विठोबाभाऊ. रंगरुटांची छावणी पडली म्हणून गाव वाढलं म्हणता का?"

"चहाची दुकानं तर वाढतात," विठोबा म्हणाला.

चौदात गारवा होता. गुणवंतने एका जुन्या साजाच्या झाडाच्या फांदीला चाळणी टांगली. ऊन उतरलं. काही आलं नाही. विठोबाची दुसरी विडी संपली.

"चलो बाबूजी. कोळसा संपून राहिला."

"पाच मिनिटं."

"हे तिसऱ्यांदा म्हणून राहिले तुम्ही."

तेवढ्यात काहीतरी गुणवंतच्या कानाला चाटून गेलं आणि चाळणीवर बसलं. राखी, केशरी डोळ्यांचं. मग पाठीमागून दुसरा, शेंड्यावरून तिसरा. गुणवंतच्या हातातली पेन्सिल मोडली. दिवसभर कीटकांची टर उडवणारा विठोबा उठून उभा राहिला आणि मोठ्याने मोजू लागला. "सात. आठ. नाही नाही, तो मोजलेला आहे, बाबूजी, घाई नका करू." अंधूक होईपर्यंत ते तेवीस झाले. गुणवंतने सुतळीची गाठ सोडली आणि मादीला साजाच्या खोडावर बसवलं.

फॉर्म त्याने ट्रकच्या बॉनेटवर भरला. विठोबाने काडी धरली. 'कीड आढळली काय?' या रकान्यात त्याने तीन वर्षांत प्रथमच 'होय' लिहिलं. 'संख्या : नर तेवीस, मादी एक. प्रत्यक्ष पाहिली.' कीड लागलेल्या कूपाचं लाकूड कारखाना घेत नसे.

सोमवारी बापूसाहेबांनी फॉर्म चक्क वाचला.

"ही कीड लाकूड खाते?"

"तसा रकाना नाही, साहेब."

बापूसाहेबांनी कागद उलटून पाहिला. मागेही नव्हता. त्यांनी गुणवंतच्या बुटांवरच्या लाल मातीकडे पाहिलं. मग सही केली.

"चौदा सोडा. तोड पंधरात लावू. त्याचा फॉर्म इथेच भरून टाका."

"रविवारी जाऊन येतो, साहेब."

बापूसाहेबांनी पुन्हा चष्मा काढला. गुणवंत मात्र तोवर लाकडाच्या यार्डात पोचला होता. त्या दुपारी त्याने डबा उघडला नाही. तेराचे जेवढे ओंडके उरले होते तेवढ्यांची साल तो बोटांनी चाचपत होता, पंधरात न्यायला आणखी एक कोष मिळतो का म्हणून.