जब्बारभाईंचा खोकला

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पार पडलं आणि जन्मभर तोंडाचा पट्टा चालवणारे जब्बारभाई गप्प झाले. गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली होती, त्यामुळे आवाजच फुटेना. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल परत. खरी भीती न्यूमोनियाची. छातीत कफ साठू द्यायचा नाही. उठून बसायचं आणि दणकून खोकायचं.

जब्बारभाई खोकायचं नाव घेईनात. तिसऱ्या दिवशी छाती घरघरायला लागली, अंगात कणकण आली, आणि त्यांच्या बायकोचं, हबीबाचं, धाबं दणाणलं. माणूस कॅन्सरमधून वाचायचा आणि हट्टापायी जायचा!

ती खालून चहा पिऊन वॉर्डात आली, तर तमाशा चालू होता. वैशाली सिस्टर "काका, असं खोका!" म्हणत स्वतःच खोकून दाखवत होती. काका दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवत आणि झटकन दूर नेत.

"काय कापायचंय? नळी? अजिबात नाय हां!" सिस्टर घाबरली.

हबीबाला त्या काळजीतही हसू फुटलं. लग्नाआधी ती जब्बारभाईंच्याच यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. लूमच्या खडखडाटात तिथं सगळे हातांनीच बोलत, हातांनीच भांडत.

"कापायचं नाय ओ सिस्टर. तार, म्हणजे लूमवरचं सूत, तुटेल म्हणतायत. खोकलो तर टाके तुटतील, अशी दहशत बसलीय त्यांना."

"एवढंच होय? टाके पक्के आहेत. मी मानेला हात धरते, खोकू दे त्यांना."

जब्बारभाईंनी हे ऐकलं, पण सिस्टरचं पोरगेलं तोंड बघून त्यांना काही पटेना. मग हबीबाच पुढे झाली. हातांच्या बोलण्यात अहो-जाहो नसतं. तिनं भर वॉर्डात नवऱ्याला एकेरीत फटकारलं: तार पक्की आहे. हँडल ओढ, लूम चालू कर!

जब्बारभाईंनी डोळे गच्च मिटले आणि ओढलं. नळीतून कफ असा उडाला की सिस्टरनं उडीच मारली. उरलेला तिनं मशीननं खेचून घेतला. मग दर तासाला हाच कार्यक्रम.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी छाती तपासली, एक्स-रे उजेडात धरला. "साफ आहे. न्यूमोनिया नाही."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेली हबीबा ओढणीत तोंड खुपसून ढसाढसा रडली. तेवढ्यात जब्बारभाई खोकले, कुणी न सांगता. तीस वर्षं त्या खोकल्यानं झोपमोड झाली म्हणून कावलेल्या हबीबाला वाटलं, याहून गोड आपण काही ऐकलेलं नाही.