अकरा ते एकची मोजणी

दिगंत हाउसिंगच्या फाटकावर नोटीस लागली, तेव्हा सुधाकर देवधरांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली. कोलकात्याच्या पूर्व टोकाला वसलेल्या या नव्या वसाहतीत कालव्याच्या पुलापासून मोठ्या चौकापर्यंत जाणारा सायकलमार्ग काढून टाकायचा आणि तिथे मोटारी उभ्या करण्याची सोय करायची, असा प्रस्ताव होता. हरकती शनिवारच्या जनसुनावणीत ऐकल्या जाणार होत्या. दुसऱ्यांदा वाचली ती शेवटच्या ओळीसाठी : ‘दोन तासांत सरासरी त्रेचाळीस सायकली. मोजणी : श्री. सुधाकर देवधर, निवृत्त वरिष्ठ सांख्यिकी अधिकारी.’

चौतीस वर्षे त्यांनी केंद्र सरकारच्या पाहण्यांत घालवली होती. बदली होऊन सातारा सुटला, बराकपूरच्या भाड्याच्या घरात संसार लागला, निवृत्तीनंतर इथे फ्लॅट घेतला. पण त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवल्याचे त्यांना आठवत नव्हते. म्हणूनच रहिवासी समितीचे सेक्रेटरी बागची त्यांच्याकडे आले होते. “देवधरबाबू, तुम्ही मोजलंत की भांडणच मिटलं,” असे म्हणून त्यांनी वेळही ठरवून दिली : अकरा ते एक, तीन दिवस. देवधरांनी शिरीषाखालच्या बाकावर बसून चार उभ्या रेघा आणि एक आडवी, या हिशेबाने एकही सायकल न चुकवता मोजणी केली होती.

“आपलं नाव छापून आलंय,” घरात शिरताना ते पत्नीला म्हणाले.

रजनीबाई शेंगदाणे कुटत होत्या. “छापणारच. ती बघा, ओट्याशी उभी आहे तिला सांगा. तिचाच रस्ता काढलाय तुम्ही.”

ओट्याशी झुमा होती. कालव्यापलीकडच्या वस्तीतून रोज सायकलने येऊन ती या इमारतीतल्या चार घरची भांडी-फरशी करीत असे. मोठ्या रस्त्यावर सायकलला बंदी होती. हा मार्ग गेला तर तिला येता-जाता पायपीट करावी लागणार होती, आणि मग चारांतली दोन घरे सोडावी लागणार होती. ती हिंदीत बांगला मिसळून बोलत असे आणि देवधरांना ‘मेशोमशाय’, म्हणजे काका, म्हणत असे.

“मेशोमशाय, कितीला बसला होतात मोजायला?”

“अकरा ते एक.”

झुमाने हातातली कढई खाली ठेवली आणि ती मोकळेपणाने हसली. “अकराला मी कुठे असते? इथेच, तुमच्या ओट्याशी! बासंती तिसऱ्या मजल्यावर, मिनूदी डॉक्टरांच्या घरी कामाला. आमच्या सायकली खाली जिन्यापाशी. आम्हाला घरात कोंडून तुम्ही रस्त्यावर शोधत होतात?”

रजनीबाईही हसल्या. देवधर हसले नाहीत. ते खोलीत जाऊन बसले आणि जेवायलाही उशिरा उठले. आकडा खोटा नव्हता. तसा असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. मोजायचे कधी हे ठरवणे म्हणजे अर्धी मोजणी, हे त्यांनीच किती नव्या मुलांना शिकवले होते! आणि इथे न्याहारी, वर्तमानपत्र आटोपल्यावर सोयीची वेळ म्हणून त्यांनी बागचींचे म्हणणे मान्य केले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचलाच ते घडीचे स्टूल, पॅड आणि पेन्सिल घेऊन पुलाच्या तोंडाशी बसले. थोड्या वेळाने रजनीबाई थर्मास घेऊन आल्या आणि समोरच्या बाजूला बसल्या.

“तू कशाला?”

“तुम्हाला दोन डोळे आहेत. रस्त्याला बाजू दोन आहेत. शिवाय बायका मी मोजते. तुम्ही बायकांना मोजत नाही, हे कालच कळलं.”

साडेपाचला पुलाचा चढ माणसांनी भरला. मागे ॲल्युमिनियमचे टोप बांधलेले मासेवाले, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी, थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून निघालेले गवंडी, आणि जोडीजोडीने, एकमेकींशी बोलत, पदर खोचून पॅडल मारणाऱ्या बायका. देवधरांची पेन्सिल थांबेना. एका मासेवाल्याने वेग कमी करून विचारले, “दादा, दंड लावणार का?” “नाही, मोजतोय.” “मग मला दोनदा मोजा, मी परत येणार आहे!” सहा ते आठ या दोन तासांत सहाशे अठरा सायकली झाल्या. पुढच्या दोन्ही दिवशी सहाशेहून कमी एकदाही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बागची आले. चहा घेऊन त्यांनी सावकाश सांगितले, “नवा आकडा द्या हवा तर. पण जुना मागे घेऊ नका. लोक म्हणतील, एवढा मोठा अधिकारी, त्याला सायकली मोजता आल्या नाहीत. आयुष्यभराचं नाव आहे तुमचं, देवधरबाबू.”

ते गेल्यावर देवधरांनी दोन्ही मोजण्यांचे कागद समोर मांडले. दोन्ही आकडे कागदावर राहिले तर कार्यालय सोयीचा तेवढा उचलेल, हे त्यांना नोकरीतल्या अनुभवाने पक्के ठाऊक होते.

“काय करणार?” रजनीबाईंनी विचारले.

“नाव जाईल, रजनी.”

“ते त्रेचाळीसवर उभं असेल, तर जाऊ दे.”

शनिवारी समाजमंदिराबाहेरचा सायकलमार्ग उभ्या केलेल्या सायकलींनी पुलापर्यंत भरून गेला होता. आत मागच्या भिंतीलगत कालव्यापलीकडची माणसे कामाचा दिवस बुडवून उभी होती. झुमा त्यांच्यात सर्वांत पुढे. अध्यक्षस्थानी नियोजन कार्यालयाच्या अधिकारी बाई होत्या. बागचींनी प्रस्ताव वाचला आणि म्हणाले, “मोजणारे गृहस्थ इथेच आहेत. त्यांनाच विचारा.”

देवधर उठले. बांगला त्यांना चांगली येत असे. तरी आज एकेक शब्द ते पारखून ठेवल्यासारखे बोलले.

“त्रेचाळीस हा आकडा मी मोजला. तो बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. ज्यांच्यासाठी हा रस्ता आहे ती माणसं त्या वेळी आमच्या घरांत काम करत होती. मोजणीची वेळ मला दुसऱ्यांनी दिली. ती न तपासता मी घेतली. चूक माझी. ती मोजणी मी मागे घेतो. सकाळची ही आहे, सहाशे अठरा.”

“म्हणजे तुम्हाला मोजता येत नव्हतं!” पुढच्या खुर्च्यांतून कुणीतरी टोला हाणला.

“त्या आठवड्यात नव्हतं येत,” देवधर म्हणाले. “आता येतं.”

मागच्या भिंतीपाशी हशा पिकला. पाठोपाठ टाळ्या पडल्या आणि त्या लवकर थांबेनात. शांतता झाल्यावर अधिकारी बाईंनी विचारले, “हे लेखी द्याल? हुद्द्यासकट?”

त्यांनी टेबलाशी वाकून चार ओळी लिहिल्या. हुद्दा लिहिताना हात अडला नाही; उलट तो शब्द त्यांनी नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात लिहिला. बाईंनी कागद वाचला आणि जाहीर केले की प्रस्तावाचा आधारच उरलेला नाही. कार्यालय पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत स्वतः मोजणी करील आणि तोवर सायकलमार्गाला कुणी हात लावणार नाही.

बाहेर उन्हात सायकलींची कुलुपे निघू लागली. झुमा चार-पाच बायकांना ओढत घेऊन आली आणि देवधरांकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, “हे बघा, हेच आमचे मेशोमशाय! ते चुकीचं मोजलं होतं ना, ते यांनीच!”

बायका त्यांच्याकडे निरखून पाहू लागल्या. रजनीबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे हळूच नजर टाकली. देवधर ताठ उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “हो. मीच तो.”