काळी वायर

धाकट्याने साउंड मिक्सरचा आवाज शून्यावर आणला, तरी स्पीकरमधली घरघर थांबेना. मग त्याने मिक्सरच बंद करून टाकला. घरघर आहे तिथेच. स्टेजच्या कडेला त्याची मुलगी पायांना पट्ट्या बांधत बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, हे असंच राहणार?"

"मशीन गरम झालं की थांबेल."

साउंडच्या धंद्यात गिऱ्हाइकाला सांगायचं हे ठरलेलं वाक्य. पण मुलगी गिऱ्हाईक नव्हती, आणि हे वाक्य ऐकतच ती मोठी झाली होती. तासाभरात कार्यक्रम होता. तिचा नाच सुरू व्हायचा तोच मुळी शांततेत. बराच वेळ संगीत नाही, नुसते तिचे पाय. तेव्हा ही घरघर चालू राहिली असती तर लोकांना वाटलं असतं, कुणीतरी पाण्याचा पंप बंद करायला विसरलंय.

दोष यंत्रांच्या डब्यांमागे होता, आणि मागची बाजू थोरल्या भावाची. वडिलांच्या दुकानात दोघा भावांनी कामं पहिल्यापासून तशीच वाटून घेतली होती. पुढची बटणं धाकट्याची, मागच्या वायरी थोरल्याच्या. पुढे भांडण झालं तेव्हा वाटणीही तितक्याच शहाणपणाने झाली. मध्यस्थ मामांनी डबे मोजले. मिक्सर, माइक, प्लेअर एकीकडे, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुसरीकडे. दोन्हीकडे डबे सारखे भरले, कुणावर अन्याय झाला नाही. फक्त त्या दिवसापासून दोघांपैकी एकाच्याही सामानातून आवाज निघेना.

भांडणाचं कारण आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र नेमाने पाळला जात होता. धाकटा भाड्याच्या अॅम्प्लिफायरवर आणि स्पीकरवर भागवायचा. आज भाड्याचा अॅम्प्लिफायर आयत्या वेळी मिळाला नाही, म्हणून बायकोने जावेला फोन केला आणि थोरल्याचा अॅम्प्लिफायर दोन गल्ल्यांवरून टेम्पोत बसून आला. थोरला आला नाही. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

अॅम्प्लिफायरला मागे तीन पिनांचं तोंड होतं. धाकट्याच्या जुन्या मिक्सरचा प्लग दोनच वायरींचा. सकाळी त्याने एक केबल जुळवली होती. केबलमध्ये एक लाल वायर, एक काळी आणि दोघींभोवती तारांची जाळी. मिक्सरकडच्या टोकाला लाल आणि जाळी जोडून झाल्यावर काळी उरली. उरलेल्या वस्तूचं माणूस जे करतो तेच त्याने केलं. दुमडली आणि वरून चिकटपट्टी मारली.

शेवटी त्याने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, अॅम्प घरघर करतोय. त्यांना जरा विचारता का?"

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"वहिनी, वेळ नाहीये."

"बरं बाबा. फोन स्पीकरजवळ धर बघू."

त्याने धरला. पलीकडे खुर्ची सरकली, काहीतरी खडखडलं.

"हं," वहिनी म्हणाली. "ते विचारतायत, काळी वायर कुठे जोडलीस?"

"कुठेच नाही. जास्तीची होती."

"अहो, जास्तीची होती म्हणतोय!" वहिनी घरात ओरडली. जरा थांबून म्हणाली, "ते म्हणतायत, मूर्खा, तिसरी पिन काय शोभेला दिलीय? काळीसुद्धा जाळीलाच जोड. मिक्सरकडच्या टोकाला. अॅम्पकडच्या टोकाला हात लावू नकोस."

"मूर्ख म्हणाले?"

"ते माझ्याकडून."

धाकट्याने फोन खाली ठेवला, चिकटपट्टी सोलली, सोल्डरगन तापवली आणि काळी वायर जाळीला चिकटवली. घरघर थांबली. इतकी थांबली, की मुलीने पट्टीची गाठ ओढली तीही ऐकू आली.

"वहिनी, थांबली! सांगा त्यांना."

"थांबली? इतक्यात?" वहिनीच्या आवाजात आनंदापेक्षा काळजी जास्त होती. "अरे, ते घरात आहेत कुठे! तू फोन स्पीकरला लावलास तेव्हाच उठले, पिशवी घेतली आणि चालते झाले. एक शब्द नाही बोलले."

"मग मघापासून सांगत कोण होतं?"

"मीच. लग्न झाल्यापासून जेवताना हेच ऐकतेय. माझं म्हणून सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" मग तिचा आवाज उतरला. "पण आता ते तिथे येऊन करतील काय रे?"

धाकटा खिडकीशी गेला. फाटकापाशी थोरला उभा होता, खांद्याला अवजारांची पिशवी. हॉलचा बोर्ड तो असा वाचत होता, जणू पत्ता चुकला असावा. मग त्याने हॉलच्या दिशेने कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं. तो माघारी वळला.

सोल्डरगन अजून तापलेलीच होती. धाकट्याने ती जोडावर टेकवली आणि काळी वायर ओढून काढली. हॉल घरघरीने भरून गेला.

"बाबा! आत्ता थांबलं होतं की!"

"तू तुझ्या पट्ट्या बघ."

थोरला आत आला तो कुणाकडे न बघता थेट अॅम्प्लिफायरच्या मागे गेला. तिथली पिन पाहिली, केबलच्या मागोमाग मिक्सरपर्यंत आला, चष्मा लावला.

"कुणी केलंय हे?"

"मी, दादा."

"दिसतंयच."

त्याने काळ्या वायरचं टोक चिमटीत धरलं आणि झटक्यात सोडलं. चटका बसला होता. टोकावर ताजं सोल्डर चकाकत होतं. थोरल्याने टोकाकडे पाहिलं, सोल्डरगनकडे पाहिलं. धाकटा मिक्सरची बटणं रुमालाने पुसायला लागला.

"काका, मघाशी ना..." मुलगी म्हणाली.

"मघाशीचं राहू दे." थोरल्याने बोटावर फुंकर घातली आणि पिशवीतून स्वतःची सोल्डरगन काढली. "प्लग धर रे. हलवू नकोस."

धाकट्याने दोन्ही हातांनी प्लग धरला. जे काम त्याने चुटकीसरशी उरकलं होतं, ते थोरल्याने सावकाश, दोनदा तपासून केलं. घरघर थांबली. थोरला उठला नाही. त्याने पिशवी मांडीशी ओढून घेतली.

"बाकीच्या केबल कुठेत?" तो म्हणाला. "आण इकडे."