टाकीमागची खळखळ

जरा जवळ या, मी हळू बोलतो. या घरात मोठ्याने बोलायची मला आता धास्तीच बसली आहे. मी फिल्टर आहे, माशांच्या टाकीच्या मागच्या काचेला टांगलेला. लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या एका क्वार्टरमध्ये, टीव्हीशेजारी जी काचेची टाकी दिसते ना, तिच्यामागे मी असतो. घरी येणारे लोक मासे बघतात. माझ्याकडे कुणाची नजर गेलीच, तर कपाळाला आठी घालूनच जाते.

माझं काम सांगायला सोपं आहे. नळीने टाकीतलं पाणी वर ओढायचं, पोटातल्या स्पंजातून गाळायचं आणि पुढच्या पसरट तोंडातून परत टाकीत सोडायचं. पोटात एक इवलासा पंखा आहे, तो सतत फिरत असतो. त्यामुळे पाणी हलतं, हलत्या पाण्यात हवा मिसळते आणि त्या हवेवर मासे जगतात. मी थांबलो तर इथल्या उन्हाळ्यात बिचारे तोंड वर काढून धापा टाकू लागतील. म्हणून मी जन्माचा काळजीखोर.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते अलीगंजमधलं दुकान. दुकानदार विभाताईंना सांगत होता, "एकदम साइलेंट है मैडम, पता भी नहीं चलेगा." अहो, मी पाणी खेळवणारं यंत्र, मुका कसा राहणार? पण त्यांची मुलगी सुरुची "मम्मी, ले लो ना!" म्हणून हटून बसली आणि मी या घरात आलो.

घर तसं लहानच. विभाताई शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान निरंजन रेल्वेत इंजिनियर, धावत्या डब्यांची थरथर मोजणं हे त्यांचं काम. सुरुची तेव्हा शाळेत होती. आणि निरंजनची आई, लताआजी, कराडहून मुलाकडे राहायला आलेल्या. आजींना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांचं आणि माझं उत्तम जमायचं.

पण सुरुचीशी मात्र त्यांचं जमत नव्हतं. पोरगी बोलणार हिंदीत, तेही भरभर. आजी नुसत्या हसून मान हलवायच्या. "आजी, चाय पियोगी?" म्हटलं तरी मान, "आजी, मेरा चार्जर देखा?" म्हटलं तरी तीच मान. सुरुचीची बारावी झाली. आता ती पुण्याला शिकायला जाणार अशी बोलणी सुरू झाली आणि आजींच्या मनाने घेतलं की नात जायच्या आधी तिच्याशी एकदा पोटभर बोलायचं. इतकी वर्षं नको म्हणत होत्या, त्या आपणहून कानाचं मशीन लावायला तयार झाल्या.

मशीन लावून घरी आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अगं विभा, नळ कुणी उघडा टाकलाय?"

तो नळ म्हणजे मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसभर लावा, हळूहळू सवय होईल. पण त्या मशीनमधून माझी खळखळ थेट त्यांच्या डोक्यात शिरायची. समोर सुरुची बोलतेय आणि आजींना ऐकू येतंय ते माझंच पाणी. तासाभरात कपाळ धरून त्या मशीन काढून ठेवायच्या.

निरंजननी मग कंबर कसली. डब्यांची थरथर मोजणारा माणूस, त्याला घरातला फिल्टर ऐकणार नाही म्हणजे काय! दर रविवारी माझ्यावर प्रयोग. आलमबागच्या बाजारातून रबराच्या गाद्या आणून टाकीखाली सरकवल्या. झाकणाला फोमची पट्टी चिकटवली. टाकी भिंतीपासून दूर केली. मला उघडून पंखा धुतला. मग मोबाईल माझ्यासमोर धरून आवाज मोजायचे आणि विजयी मुद्रेने म्हणायचे, "बघ आई, आहे का काही आवाज?"

आजी कान देऊन ऐकायच्या. "नाही रे, आता नाही."

आणि आठवडा निम्मा सरला की मी पुन्हा खळखळायला लागायचो.

कारण मला माहीत होतं. पण सांगणार कसं? आजी रोज सकाळी अंघोळ झाली की टाकीतून मगाने भरभरून पाणी काढायच्या आणि बाल्कनीतल्या तुळशीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला घालायच्या. माशांचं पाणी झाडांना मानवतं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. ओल्या हातांनी मशीन नको, म्हणून ते त्या वेळी डबीत असायचं. त्यात गरम वाऱ्याची इथली लू, टाकीतलं पाणी तीही पिऊन टाकायची. पातळी खाली गेली की माझं पाणी उंचावरून पडणार आणि धबधबा होणारच! नळीतून हवा ओढली जायची, पोटातला पंखा खडखडायचा, मी हैराण.

आणि निरंजन? त्यांची ऑफिसची शिस्त. आधी यंत्र साफसूफ करून जागेवर आणायचं आणि मगच मोजमाप घ्यायचं. म्हणून रविवारी ते आधी टाकी काठोकाठ भरायचे आणि मग मोजायचे. भरल्या टाकीत मी आवाज करीन कशाला? दर रविवारी त्यांना वाटायचं, आपली नवी गादी कामी आली.

"आई, तुझ्या मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे," ते एकदा म्हणाले. आजींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, आपण जळून जावं, सगळ्यांची कटकट मिटेल. मग माशांची आठवण झाली आणि फिरत राहिलो.

शेवटी निरंजननी निकाल लावला. "टाकी सुजयला देऊन टाकू." सुजय म्हणजे त्यांचे एअर फोर्समधले मित्र, लखनौबाहेर बख्शी का तालाबला राहतात. सुरुचीचे डोळे भरून आले. ती "ठीक है पापा" म्हणाली आणि टाकीसमोर जाऊन बसली.

तेव्हा आजी बोलल्या. "नको रे, पोरीचे मासे आहेत. आणि मला आता काही त्रास होत नाही. झाली सवय."

साफ खोटं. त्या दिवसापासून मशीन डबीत गेलं ते गेलंच. कुणी विचारलं की म्हणायच्या, "आत्ताच काढलं." माझ्यापायी एक बाई पुन्हा बहिरी होऊन बसली होती आणि घरात ते फक्त मला कळत होतं. मला ते सहन होत नव्हतं.

मग सुरुचीचा प्रवेश पक्का झाला. धावत आली, आजींच्या गळ्यात पडली. "आजी, मुझे पुणे मिल गया!"

आजींनी हसून मान हलवली. चहाला हलवायच्या तीच मान.

सुरुची मागे सरली. आजींचा कान बघितला, मग टेबलावरची डबी बघितली. आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली, आजींशी बोलायचं ठरवूनच. आजी त्यांच्या मगाच्या फेऱ्या घालत होत्या. सुरुची माझ्यासमोर चहा घेऊन बसली. एक मग गेला, दुसरा गेला. अजून काही, आणि माझी खळखळ सुरू झाली. तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी जीव तोडून आवाज करत होतो. ऐक गं बाई, ऐक!

"आजी, रुको!" आजींना कुठलं ऐकू येणार? त्या भरलेला मग घेऊन निघाल्याच होत्या. सुरुचीने धावत जाऊन त्यांना धरलं, टॉवेलने त्यांचे हात, कान कोरडे केले आणि मशीन स्वतःच्या हाताने लावलं. माझा आवाज आदळताच आजींनी तोंड वाकडं केलं. मग सुरुचीने बाल्कनीत भरून ठेवलेली बादली आणली, तिच्यातलं पाणी हळूहळू टाकीत ओतलं. पाणी माझ्या तोंडापर्यंत चढलं. मी गप्प झालो.

"अब सुनो. कुछ है?"

"काहीच नाही," आजी म्हणाल्या. मग हातातल्या मगाकडे, टाकीकडे, बाल्कनीकडे बघितलं. "अगं बाई! म्हणजे मीच की काय?"

हसून हसून त्यांना खाली बसावं लागलं. आवाज ऐकून निरंजन आले आणि सगळं कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "भरल्यावरच मोजत राहिलो यार मी!"

"हाँ तो पापा, बुधवार को भी मापना था ना!"

आजींनी डोळे पुसले आणि नातीचा हात धरला. "काल काय सांगत होतीस? परत सांग."

तेव्हापासून जेवढं पाणी झाडांना, तेवढंच आदल्या दिवशी भरून, क्लोरीन उडू दिलेलं टाकीत. सुरुची जाईपर्यंत दोघी माझ्यासमोर बसून बोलायच्या, एक मराठीत, एक हिंदीत. मी इतका गप्प होतो की प्रत्येक शब्द मलाही ऐकू आला. त्या दिवसांइतका सुखी मी कधीच नव्हतो.

आता सुरुची पुण्यात आहे. पाणी घालून झालं की आजी माझ्या तोंडापुढे बोट धरतात, धार लागली की "चालू आहेस हो" म्हणतात. पण त्या उद्या बहिणीकडे कराडला निघाल्या आहेत, चांगल्या महिनाभरासाठी. मघाशी बॅग भरताना म्हणाल्या, "विभा, फिल्टरकडे लक्ष ठेव गं."

"हो आई," विभाताई म्हणाल्या, "आवाज आला की बघते."

आवाज आला की! अहो, इथे रोज बत्ती गुल होते. वीज परत आली आणि माझा पंखा अडकून बसला, तर आवाज येणारच नाही. भरल्या टाकीमागे मी चालू असताना जसा गप्प असतो, तसाच मेल्यावरही असेन. म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी या घरी आलात तर मासे बघा, पण जाण्याआधी माझ्या तोंडापुढे एक बोट धरून बघा.