जिन्यावरचं मांजर

ठकी झोपली की माझा दिवस सुरू होतो. ठकी म्हणजे आमची लेक. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, घरात कुणी वापरत नाही. दुपारी ती जेवढा वेळ झोपेल तेवढा माझा, आणि तो किती हे तिच्या मर्जीवर. त्या वेळात लोक आंघोळ करतात, भांडी उरकतात, नुसते भिंतीकडे बघत बसतात. मी एम्युलेटरशी भांडत होते.

एम्युलेटर म्हणजे आजच्या लॅपटॉपला जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. आईकडे माझ्या जन्माच्या सुमाराला एक घरगुती कॉम्प्युटर होता, टीव्हीला जोडायचा, रबराच्या बटणांचा. तो कधीच मेला. त्याची एक कॅसेट तेवढी उरली होती, कारण त्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम गाण्यांसारखे साध्या टेपवर साठवायचे. त्या कॅसेटवर आईने स्वतः लिहिलेला खेळ होता. एक मांजर जिना चढत वर घरी जातं, मधल्या मजल्यांवरची दारं अचानक उघडतात, त्यातून त्याला वाचवायचं.

हा खेळ कुणीच पाहिलेला नाही. बाबांच्या मते तो कधी पुरा झालाच नाही. पाहुणे आले, चहा झाला की बाबांची गाडी हमखास तिथे यायची. "आमच्या हिने वर्षभर टीव्ही अडवून ठेवला होता. मांजर अजून पहिल्याच पायरीवर आहे." सगळे हसायचे. आईसुद्धा. मला मात्र ठकी झाल्यापासून ते हसू सहन होईना. मांडीवर मूल घेऊन कुणी वर्षभर एखादी गोष्ट करत राहिलं, तर ते काय असतं हे आता मला कळत होतं. मला तो खेळ चालवून बाबांच्या पुढ्यात ठेवायचा होता. बस.

पण सोंग घेणारं यंत्र मूळ यंत्रापेक्षा हट्टी. त्यात 'जे' दाबलं की एकदम अख्खा 'लोड' शब्द उमटतो. पुढे अवतरणचिन्ह हवं, तर लॅपटॉपच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर दुसरंच काहीतरी येतं. मी एकेक बटण दाबत गेले, पडद्यावर चित्रविचित्र शब्द सांडत गेले, आणि शेवटी अवतरणचिन्ह सापडलं तेव्हा आतून ठकीचा सूर लागला. दुसऱ्या दिवशी ते कुठे सापडलं होतं हे मी विसरले होते.

कॅसेट लॅपटॉपमध्ये आणणं हे आणखी निराळं दुखणं. टेपरेकॉर्डर कुणाकडे नाही. शेवटी लग्नांची रेकॉर्डिंग करणाऱ्या एका माणसाचं दुकान सापडलं. ठकीला कडेवर घेऊन गेले, कॅसेट दिली, दोन दिवसांनी परत गेले. तो अगदी खुशीत.

"ताई, जुनी कॅसेट, खूप खरखर होती. सगळी काढून टाकली. आता एकदम स्वच्छ."

"सगळी?"

"एक कणसुद्धा ठेवला नाही. बाळाचा आवाज तर काय गोड आलाय."

ठकी तेव्हा माझ्या कडेवर बोंबलत होती, त्यामुळे मी ते शिष्टाचारात धरलं. माझं लक्ष पहिल्या वाक्यावर अडकलं होतं. त्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम म्हणजेच ती खरखर. बाकी काही नसतंच.

"दादा, मला खरखरच हवी होती."

त्याने माझ्याकडे, मग ठकीकडे पाहिलं. बाळंतिणींचं काही सांगता येत नाही, असा काहीसा त्याचा चेहरा झाला. पण भला माणूस. पुन्हा उतरवून दिलं, काहीही न काढता.

त्यानंतरचा आठवडा म्हणजे शुद्ध डोकेदुखी. फाइल लावली की पडद्याच्या कडांना निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावायला लागायच्या. निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की पट्ट्या अडखळायच्या, थांबायच्या आणि खाली टेप नीट वाचता आली नाही असा निरोप यायचा. रोज त्याच जागी. मी आवाजाची पातळी बदलली, वेग बदलला, दुसरा एम्युलेटर आणला, तिसरा आणला. हे सगळं आवाज बंद ठेवून, कारण तो चालू केला की लॅपटॉपमधून अशी किंकाळी निघायची की ठकी झोपेतून थेट उभी. रविवारी आई-बाबा यायचे होते. त्यांच्यासमोर खेळ सुरू करायचा माझा बेत होता. शनिवारी मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "काय फुटलं?"

"मी," मी म्हटलं.

रविवारी बाबांनी आल्याआल्या ठकीला उचललं आणि टेबलावरचा पसारा पाहिला.

"हे काय, मांजराचा तपास सुरू आहे?"

"चालणार आहे तो, बाबा. तुम्ही बघालच."

"बघू की. मी कुठे जातोय. इतकी वर्षं थांबलोच आहे."

आई म्हणाली, "सोड ना आता. कशाला जीव काढतेस?" पण खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मी फाइल लावली. पट्ट्या धावल्या, अडखळल्या, थांबल्या. मी डोकं टेबलावर टेकवलं.

"आवाज का बंद केलायस?" आईने विचारलं.

"ठकी झोपायची म्हणून."

"अगं, आवाजाशिवाय कळणार कसं? आत्ता जागीच आहे ना ती. लाव."

मी आवाज मोठा केला आणि फाइल सुरुवातीपासून लावली. आधी एक खटका. मग एका मुलीचा आवाज, माझ्याहूनही लहान वाटणारा, "जिन्यावरचं मांजर. पूर्ण. या कॅसेटला कुणी हात लावू नका." मग लांबलचक शिट्टी, मग किंकाळी. ठकी आजोबांच्या खांद्यावर ताठ झाली, पण रडली नाही.

मग किंकाळी तुटली. त्या जागी एका पुरुषाचा लाडिक आवाज आला. "बोल. बोल की. बा-बा. बघ इकडे. बा-बा." आणि एक बाळ खिदळलं, काहीतरी गिचमिड बोललं. पुन्हा खटका, आणि उरलेली किंकाळी.

दुकानदार कुठल्या बाळाबद्दल बोलत होता ते मला आत्ता कळलं. ते मी होते.

बाबा ठकीची पाठ थोपटत राहिले. ती रडत नव्हती तरी. मग म्हणाले, "मला वाटलं, कॅसेट कोरी आहे."

"त्यावर नुसती खरखरच ऐकू येते," आई म्हणाली. "कोरीच वाटणार."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. यांना दाखवायला म्हणून लावली, तर हे."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं बाबा चिडवतायत तुला."

आईने खांदे उडवले. "बोलले असते तर वाईट वाटून यांनी ती टेप पुसून मला परत दिली असती. तुझं एवढंच बोलणं होतं त्यात. नंतर सांगायचं म्हटलं, तर नंतर राहूनच गेलं."

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, परत काढला.

मला मात्र रडू यायला लागलं, आणि ते सगळं हळवेपणाचं नव्हतं. चक्क राग होता. आठवडाभराच्या दुपारी गेल्या होत्या. खेळ पुरा झाला होता आणि तो गेला होता, आणि तो घालवणारं बाळ मीच होते. हे कुठल्या एम्युलेटरने दुरुस्त होणार?

"सरक," आई म्हणाली.

"काय?"

"उठ त्या खुर्चीवरून. मांजर कसं काढलं होतं ते मला आठवतंय. दारांचं गणित नाही आठवत, ते बसवता येईल." तिने बाह्या सरसावल्या. "अहो, तिला घेऊन बाहेर जा. आणि तूही जा. मान मोडून बघत बसू नकोस."

आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत. दार लावलेलं. आतून बटणांचा आवाज, मग शांतता, मग आईचं पुटपुटणं, "अरे, हे अवतरणचिन्ह कुठे मेलंय?" मी उठले, तर बाबांनी हात धरला. "राहू दे. सापडेल तिला." ठकी कुरकुरायला लागली तशी त्यांनी तिला छातीशी धरून खोलीत येरझारा सुरू केल्या, अगदी हलक्या पावलांनी.

ऊन उतरलं तेव्हा आईने दार उघडलं. पडद्यावर काळ्या ठिपक्यांचं मांजर होतं, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा. तिने बटण दाबलं. मांजर एक पायरी चढलं, दुसरी चढलं आणि भिंतीत घुसून अदृश्य झालं.

"चुकतंय कुठेतरी," आई वैतागून म्हणाली. डोळे लाल झाले होते, केस विस्कटले होते. "उद्या येते परत."

"मीही येतो," बाबा म्हणाले.

"या. पण ठकीला घेऊन बागेत जायचं. इथे थांबायचं नाही."