बुटीबोरीची लिफ्ट थांबली तेव्हा

मी बुटीबोरीच्या एका चिकन कारखान्यातली लिफ्ट बोलतेय. माणसं नेणारी नव्हे. मांसाने भरलेला जड टब उचलून मिक्सरमध्ये पालथा करणारी. घडवणाऱ्यांनी मला जोर दिला, आणि पुढे जाळीचं दार. दार उघडलं की मी जागीच थांबायची.

पण मांस टबाच्या तळाला चिकटतं. ते ढकलायला दार उघडलं की मी थांबे, मग सगळं पहिल्यापासून. म्हणून इथे एक रीत पडली. दाराच्या स्विचमध्ये कॅन्टीनचा चमचा खोचायचा. मग दार उघडं असलं तरी मी चालतच राहायची.

असंच एकदा मला चालवणाऱ्या कौशल्याबाईंचा हात टब आणि माझ्या खांबामध्ये सापडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बऱ्या होऊन त्या परत आल्या, तेव्हा सुपरवायझर रुपराव म्हणाले, "पॅकिंगमध्ये टाकतो तुले. बसून काम आहे."

"मले माझीच मशीन पाहिजे. अन् हा चमचा काढून."

"काम मागं पडन ना, बाई. आठवडाभर पाहीन. नाही जमलं त पॅकिंग."

चमचा निघाला, आणि काम मागे पडलंच. जोडीला असलेली पायल रोज कुरकुरायची, "मावशी, तुमच्या दारापायी आमची गाडी सुटते."

शनिवारी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. शेवटचा टब खाली येत होता. पायलने घाईत दार उघडलं आणि खाली कडेला अडकलेलं मांस काढायला हात आत घातला.

मी थांबले. टब तिच्या मनगटावर, वीतभर उंचीवर, लटकत राहिला.

पायलने हात बाहेर ओढला. कौशल्याबाईंनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला.

"गाडी सुटली का वं?"

"सुटू द्या, मावशी," पायल म्हणाली. मग दोघीही हसत सुटल्या, रडत रडत.

रुपरावांनी स्वतः बाकीच्या लिफ्टचे चमचे उपसले आणि कॅन्टीनवाल्या पिंटूसमोर ठेवले. "आन् मी पोरांवर चमचेचोरीचा आळ घेऊन राहिलो होतो," पिंटू म्हणाला.

मी आजवर किती टब उचलले, त्याचा मला गर्व नाही. त्या शनिवारी थांबले, त्याचा आहे. पायल आता माझ्यासमोर काम शिकतेय. कौशल्याबाई तिला आधी दार लावायला लावतात, मगच तीन बोटांच्या हाताने हिरवं बटण दाबतात. मी दिमाखात वर जाते.

तुमच्याकडे माझी कुणी बहीण असेल, तर तिला थांबू द्या.