माझ्या मागून म्हणा

आमच्या ह्यांचं असं आहे, समोरचा बोलला की त्याचं वाक्य ह्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. चिडवायला नव्हे हो, थांबवताच येत नाही! चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. गिऱ्हाईक म्हणालं, "मला नीट दिसत नाही," की हेही म्हणणार, "मला नीट दिसत नाही." गिऱ्हाईक काढता पाय घेतं.

मी शिवणकाम करते आणि तोंडाची आहे फटकळ. बाबांनी विचारलं होतं, "अगं, ह्याच्याशी भांडशील कशी?" म्हटलं, दोन्ही बाजू मीच लढवीन!

लग्नाची नोंदणी करायला गेलो. साहेब म्हणाले, "माझ्या मागून म्हणा." वा! म्हटलं, हा तर ह्यांच्या हातचा मळ.

"मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो," साहेबांनी सांगितलं आणि त्याच दमात शिपायाकडे वळले, "अरे, पंखा कमी कर."

"मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो, अरे, पंखा कमी कर," हे खणखणीत म्हणाले.

साक्षीला आलेली आत्या फिस्सकन हसली. साहेबांना मात्र शंका आली. ते मुद्दाम म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाही."

"मला हे लग्न करायचं नाही," हे म्हणाले. बिचारे घामाघूम झाले.

साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "हे काहीही म्हणतील. स्वतःच्या मनाने बोलले तरच नोंद होईल."

"तरच नोंद होईल," हे म्हणाले.

बाबा काही बोलणार, तोच मी गरजले, "कुणी चकार शब्द काढायचा नाही!"

"चकार शब्द काढायचा नाही!" हे गरजले.

अगं बाई! मी स्वतःचंच तोंड हाताने दाबून धरलं. आत्याने हसू आवरायला ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. हे पंख्याकडे बघतायत, टेबलाकडे बघतायत. माझा जीव नुसता टांगणीला.

शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "मला हीच हवी. ओरडते फार. पण मला माझं वाक्य सापडेपर्यंत थांबते."

बाबा नाक शिंकरायला लागले. साहेब मला म्हणाले, "आता तुम्ही बोला, बाई. स्वतःच्या मनाने."

"स्वतःच्या मनाने," हे पुटपुटले.

आणि काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द फुटेना. हे हळूच कुजबुजले, "म्हण, मला हाच हवा."

"म्हण, मला हाच हवा!" मी ओरडले.

साहेबांनी एका हाताने कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने शिक्का मारून टाकला.